खिलारची वही : जात हरवते कशी आणि परत येते कशी



परवा दिवेलागणीला आमची हरणी हंबरायला लागली. सोट टाकलेला, वैरणीला तोंड लावेना, दाव्याला हिसके देत होती. संध्याकाळी माज दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवायची, हे आता सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे ठरवायला हातात एक रात्र होती.

आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, ओट्यावरूनच म्हणाले, "पल्याडच्या वाडीवर ने. त्यो बैल मैदान मारून आलाय. खोंड झाला तर नशीब काढंल."

मी म्हटलं, "आन पाडी झाली तर?"

आण्णा काही बोलले नाहीत. तंबाखू मळत बसले.

आजची नोंद त्या गप्प बसण्यावर आहे. खिलारबद्दल आपण एवढं बोलतो, स्टेटसला फोटो ठेवतो, पण पाडी झाली तर काय, याचं उत्तर आपल्यातल्या बहुतेकांकडं नाही. आणि जात टिकायची की संपायची हे पाडीवरच ठरतं. जरा लांबून, जुन्या गोष्टींपासून सुरुवात करतो.

नाव आलं कुठून

खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. कळप राखणारा तो खिल्लारी. तेच नाव पुढं जनावराला चिकटलं. 1953 साली एफएओ या जागतिक संघटनेनं जोशी आणि फिलिप्स यांचं भारत-पाकिस्तानातल्या गुरांवरचं पुस्तक काढलं. त्यात खिलारचे चार प्रकार दिलेत: आटपाडी महाल, म्हसवड, तापीकाठची थिल्लारी आणि नकली. आटपाडी महालची जनावरं पांढरी किंवा राखी पांढरी. म्हसवडच्या बैलांच्या खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर गडद झाक. तापीकाठच्या जनावरांची नाकपुडी आणि खूर गाजरी. नकली म्हणजे मिसळ झालेली. जन्मलेल्या वासराच्या डोक्यावर तांबूस डाग असतो आणि दोनेक महिन्यांत तो जातो, हेही लिहिलेलं आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक होतं.

यातलं "आटपाडी महाल" हे नाव बघा. ते औंध संस्थानाच्या कारभारातलं नाव आहे. औंधचा मुलूख सलग नव्हता. आटपाडी एकीकडं, कुंडल दुसरीकडं, गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. 1949 ला सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. महाल कागदावरून गेला. जनावराच्या नावात मात्र अजून आहे.

जाणकार खिलारचं मूळ म्हैसूरकडच्या हल्लीकर गुरांत धरतात. लांब मागं वळलेली शिंगं, अरुंद कपाळ, ताठ चाल, तापट स्वभाव, हे सगळं त्या घराण्यातलं. मग ती आपल्याकडं वेगळी कशी झाली? तर निवडीनं झाली. निवड कुणी केली? माणदेशाच्या दुष्काळानं, कामानं आणि बाजारानं.

पर्जन्यछायेतला मुलूख, कुसळी गवत, ज्वारी-बाजरीचा कडबा. एवढ्यावर जे जनावर अंगानं टिकलं तेच पुढच्या पिढीला राहिलं. ही पहिली चाळण. दुसरी चाळण कामाची. मोटेच्या बैलाला धावेवरून भरली मोट ओढत उतरायचं आणि रिकामी मोट विहिरीत सोडताना मागं सरकत यायचं, दिवसभर. नांगराला ताकद पाहिजे, गाडीला पाय पाहिजे, आणि तिन्हीला बैलाचं डोकं ताळ्यावर पाहिजे. तिसरी चाळण बाजाराची. खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, करगणी, म्हसवड, पुसेगाव, सांगोल्याचा रविवारचा बाजार, पंढरपूरची कार्तिकी. काळ्या रानाच्या शेतकऱ्याला बैल पाहिजे होता आणि माणदेशाला रोकड पाहिजे होती. हेड्यानं रुमालाखाली बोटं धरली की त्या खोंडाची किंमत ठरायची. त्याच वेळी त्याच्या आईबापाचीही परीक्षा होऊन जायची.

कारण कुठल्या गाईचे खोंड चांगल्या भावानं जातात, हे गावाला माहीत असायचं. त्या गाईच्या पाड्या कुणी विकत नसे. गाईची किंमत बाजारात कधी झाली नाही, पण तिची वंशावळ घरातल्या बायकांच्या तोंडी होती. ही अमकीची पाडी, ती तमकीची, आणि अमकी ही माझ्या सासूनं माहेराहून आणलेली. वही नव्हती, पण नोंद होती.

एक दोष मात्र तेव्हापासूनचा आहे. दूध सगळं खोंडाला. चारी सड खोंडाचे आणि पाडीला कसंबसं. खिलारचं दूध एका वेताला सरासरी 400 किलोच्या आतबाहेर भरतं. तिच्याकडं दुधासाठी पिढ्यान् पिढ्या कुणी बघितलंच नाही, हे त्याचं मोठं कारण.

दोन आणे रक्त

मग चाळण्याच गेल्या. विहिरीवर मोटर बसली, मोट माळ्यावर गेली. 1972 च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या. पुढं ट्रॅक्टर आला. उरुळीकांचनला 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी बायफ सुरू केली आणि संकरित गाईचं काम गावोगाव पोचलं. इथं मी कुणाला दोष देत नाही. संकरित गाईच्या दुधावर आमच्या घरातली दोन शिक्षणं आणि एक लग्न झालंय. ज्याला पगार नाही त्याला दर दहा दिवसांनी दुधाचं बिल म्हणजे काय असतं, हे ज्याचं त्याला कळतं.

पण हिशोब तर मांडायला हवा. खिलार गाईला होल्स्टिनची कांडी भरली की कालवडीत खिलार रक्त आठ आणे. तिच्या पोटी परत तेच केलं की चार आणे. तिसऱ्या पिढीला दोन आणे. तीन पिढ्या म्हणजे दहा-बारा वर्षं. दावण तीच, खुंटा तोच, कधीकधी नावही तेच. मधे कुणी काही फेकून दिलं असं वाटतच नाही, आणि एक दिवस बघावं तर जात दोन आण्यावर आलेली असते. आमच्या घरात असंच झालं. वडिलांनी बैलजोडी विकली, आईनं हट्टानं एक गाय ठेवली. हरणी तिची नात.

अशा काळात खोंडाला गिऱ्हाईक ठेवलं ते शर्यतीनं. हे शर्यत न आवडणाऱ्यानंही मान्य करावं. 2011 मध्ये केंद्राच्या अधिसूचनेत बैल आला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. 2017 मध्ये राज्यानं कायदा केला, पण तो उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. मधल्या सात-साडेसात वर्षांत आमच्या भागात चांगल्या खोंडाला विचारणारं कोण नव्हतं. परवानगी आल्या आल्या आदत खोंडांचे भाव कुठल्या कुठं गेले, ते तुम्ही बघितलंयच.

त्यातून दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. एक, ज्या जनावराला एकच गिऱ्हाईक असतं त्याचा जीव त्या एका गिऱ्हाइकावर. दोन, पूर्वी तीन-चार चाळण्या होत्या, आता एकच आहे. काही सेकंदांची पळ. ताकद, शांत डोकं, पाय टिकणं, गाईचं दूध, वेळेवर गाभण जाणं, यातलं काहीच त्या चाळणीला लागत नाही. आणि पळ बघितली जाते ती खोंडाची. पाडीला तिथं जागाच नाही. म्हणून आण्णा गप्प बसले.

तीन गोष्टी: म्हैसूर, जर्मनी, फलटण

हरवलेली जात परत आणता येते का? आलेली आहे. कशी, ते बघू.

पहिली गोष्ट खिलारच्या माहेरची. म्हैसूरच्या राजांचा गुरांचा मोठा खाजगी कळप होता. लष्कराचं सामान आणि तोफा ओढायला बैल लागत. टिपूनं त्या खात्याला अमृत महाल हे नाव दिलं. 1799 नंतर तो इंग्रजांच्या हातात गेला. 1860 मध्ये खर्च वाचवायचा म्हणून सगळा कळप विकून टाकला. मग कळलं, असा बैल दुसरीकडं मिळत नाही. 1866 मध्ये कळप पुन्हा उभा करायला घेतला. जमलं, कारण सहाच वर्षं झाली होती आणि त्या वंशाच्या गाई मुलखात अजून होत्या.

दुसरी गोष्ट जर्मनीची. सगळ्या गाईबैलांचा रानटी पूर्वज म्हणजे ऑरॉक्स. त्यातली शेवटची गाय 1627 मध्ये पोलंडच्या याक्टोरूवच्या जंगलात मेली. तीनशे वर्षांनी, 1920 नंतर, हाइन्झ आणि लुट्झ हेक या प्राणिसंग्रहालयं चालवणाऱ्या भावांनी ठरवलं की हे जनावर परत करायचं. युरोपातल्या वेगवेगळ्या जाती घेतल्या, कुणाची शिंगं, कुणाचा रंग, कुणाचा तापटपणा, आणि निवड करत गेले. थोड्याच वर्षांत ऑरॉक्स परत आला म्हणून जाहीर केलं. त्या गाई आजही आहेत, हेक गाई म्हणतात त्यांना. पण अंगानं त्या ऑरॉक्सपेक्षा बऱ्याच लहान, आणि कळपाकळपात फरक. डोळ्याला दिसतं तेवढंच त्यांनी निवडलं, आणि मूळची गाय तर शिल्लकच नव्हती.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारची, फलटणची. बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगानं अगदी बारकी, 10 ते 15 किलोची, पण जुळी-तिळी देणारी. 1990 नंतरच्या दशकात या संस्थेनं गरोळ फलटणला आणली आणि दख्खनीशी संकर सुरू केला.

या गुणाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. 1792-93 च्या सुमाराला बंगालच्या मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि तिथल्या मेरिनो कळपांत मिसळून गेल्या. दिसायला काही उरलं नाही. दीडशेहून जास्त वर्षांनी बूरूला नावाच्या एका शेतावरच्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी द्यायला लागल्या, तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. 2001 मध्ये तो जनुकातला बदल नेमका सापडला. एफईसीबी म्हणतात त्याला. गरोळ तपासली तर तोच बदल तिच्यातही निघाला. दोनशे वर्षं गुण रक्तात दडून राहिला होता.

फलटणला केलं काय? गुण गरोळचा घेतला, अंग दख्खनीचं ठेवलं. संकर झाला की परत दख्खनी बाजूला वळवायचं. प्रत्येक पिढीत रक्त तपासून ज्याच्यात तो जनुक आहे तेवढंच पुढं न्यायचं. मेंढीनं किती कोकरं दिली, त्यातली किती जगली, वजन किती, हे लिहायचं. त्यातून नारी सुवर्णा मेंढी तयार झाली. जनुकाची एक प्रत असली तर शंभर वेतांमागं साधारण पन्नास कोकरं जास्त. रंगासाठी, शिंगासाठी कुणी थांबलं नाही.

आपण या तिघांत कुठं बसतो? म्हैसूरसारखी आपल्याकडं गाय अजून आहे. आपलं नशीब. पण काम चाललंय ते हेक बंधूंसारखं: काजळी आहे का, कोसा आहे का, शिंग कसं, रील चांगली येते का. पाहिजे ते फलटणसारखं, म्हणजे मोजून आणि लिहून.

एका बैलाचा हिशोब

जनावर-पैदास शास्त्रात एक साधं सूत्र आहे. वळूंची संख्या गुणिले गाईंची संख्या, त्याला चारनं गुणायचं, आणि वळू अधिक गाई या बेरजेनं भागायचं. येतो तो आकडा म्हणजे रक्ताच्या हिशोबानं कळप खरा केवढा आहे.

समजा आसपासच्या वाड्यांत 100 खिलार गाई आहेत आणि सगळ्या एकाच नामी बैलाकडं गेल्या. 4 × 1 × 100 भागिले 101. उत्तर चारच्याही खाली. डोळ्याला शंभर गाई दिसतात, रक्तानं तो चार जनावरांचा कळप आहे. दर पिढीला साडेबारा टक्क्यांच्या आसपास सगोत्र वाढत जाणार. त्याच 100 गाईंना पाच वेगवेगळ्या घराण्यांचे वळू लावले तर उत्तर 19, आणि सगोत्राचा वेग अडीच-पावणेतीन टक्के. जात टिकवायची तर हा आकडा पन्नासच्या खाली जाऊ देऊ नये म्हणतात. त्याला 100 गाईंमागं 14-15 वळू लागतात. एका गावाला हे झेपणारं नाही, पण पाच-सहा गावांनी वळू वाटून घेतले, दर तीन वर्षांनी फिरवले, आणि अधूनमधून लांबच्या वळूची कांडी वापरली तर अशक्यही नाही.

सगोत्र वाढलं की काय होतं, हे पुस्तकात बघायला नको. गाय उलटते, वासरू अशक्त निघतं, खोंडाचं वीर्य हलकं पडतं. मग आपण म्हणतो, खिलारच नाजूक.

दुसरा हिशोब परत फिरणाऱ्यांसाठी. आठ आणे रक्ताच्या गाईपासून सुरुवात करून दर पिढीला शुद्ध खिलार वळू लावला तर पहिल्या पिढीला बारा आणे, दुसरीला चौदा, तिसरीला पंधरा. खिलार कालवड पहिल्यांदा वितेपर्यंत चार वर्षं उलटून जातात. म्हणजे तीन पिढ्यांना बारा-चौदा वर्षं. घालवायला जेवढी लागली, आणायलाही जवळपास तेवढीच. म्हणून ज्याच्या दावणीला आज सोळा आणे गाय आहे, तिला नुसतं दुधाच्या हिशोबात भाकड समजून बाजाराला नेऊ नका. ती बारा वर्षांची बचत आहे.

त्या रात्री काय झालं

आता परत हरणीकडं. जेवताना आईला सहज विचारलं, "पल्याडच्या वाडीचा त्यो बैल, त्येचा बाप कोण गं?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या हरणीचा जो, त्योच की. त्येंच्या गाईला आन आपल्या गाईला एकाच साली भरवलंय. मीच व्हते संगं."

म्हणजे हरणी आणि तो बैल बापाकडून भाऊ-बहीण. त्यांच्या वासरात साडेबारा टक्के सगोत्र. परत दोन आणेच, पण हे दोन आणे नुकसानीचे. आईला आठवलं म्हणून कळलं. आई नसती तर सकाळी मीच कासरा धरून गेलो असतो, आणि फोटोही टाकला असता.

सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला, खिलारची कांडी आहे का विचारलं. होती. कांडीवर वळूचा नंबर असतो, तो भरायच्या आधी वाचून घेतला आणि दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. आण्णा बघत होते. म्हणाले, "लिवून काय हुतंय?" मी म्हटलं, "आईला जे आठवतंय ते माझ्या पोराला आठवणार न्हाय, म्हणून."

वहीत काय लिहायचं? फार नाही. गाईचं नाव, तिची आई, आईची आई, आठवेल तिथपर्यंत. बाप माहीत असेल तर बाप. भरवल्याची तारीख, वळू किंवा कांडीचा नंबर. विल्याची तारीख, पाडा की पाडी. महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळचं दूध. दूध वासरालाच पाजत असाल तर वासराचं तीन महिन्यांचं वजन, त्यातून आईचं दूध कळतं. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 10,840. घेर 100 आणि लांबी 90 असेल तर वजन 83 किलो. आणि शेवटी एक ओळ स्वभावाची: दावणीला कशी, पोरांना मारते का, दुष्काळात अंग कसं धरलं.

पाच-सात घरांनी एवढं पाच वर्षं लिहिलं तर पुढचा वळू कुठल्या गाईचा ठेवायचा हे भांडण न करता ठरेल. पळणाराही त्यातूनच निघेल. पण त्याची आईही कोण आहे ते माहीत असेल.

एकविसाव्या दिवशी हरणी उलटते का बघायचंय. थांबली तर पुढं नऊ महिने नऊ दिवस. काय होईल ते इथं लिहीन. पाडी झाली तर ती विकायची नाही, एवढं घरात ठरलंय. आण्णांनीही मान हलवलीय.

तुमच्या घरात जी माणसं गाईंची नावं सांगू शकतात, त्यांच्यापाशी आज संध्याकाळी वही घेऊन बसा. आमच्याकडं आई आहे. तुमच्याकडं कोण आहे ते बघा.